ब्राउन कोठे गेला?

क्लबमध्ये टेबल एकच असलं की किस्से साचतात. दोघं खेळतात, बाकीचे भिंतीला पाठ लावून बसतात, आणि बसलेल्या माणसाला तोंड असतं! दहा टेबलं असती तर आम्ही सगळेच खेळत राहिलो असतो आणि सांगण्यासारखं काही उरलं नसतं.

आमचं टेबल तंजावरात, राजवाड्यामागच्या गल्लीत, जोसेफच्या भांड्यांच्या दुकानावर माडीवर आहे. खाली स्टीलचे डबे, वर स्नूकर. जोसेफ दुकानाचा मालक, क्लबचाही मालक, आणि गुण मोजणाराही तोच. डॉक्टर सेतू डोळ्यांचे डॉक्टर. मी पापनाशमच्या शाळेत गणित शिकवतो, म्हणून इथे मला 'वाद्यार' म्हणतात, म्हणजे मास्तर. आणि आमचे भवानीराव, म्हणजे मामा. खरे ते मुकुंदचे मामा, त्याच्या आईचे सख्खे भाऊ. पण मुकुंद लहानपणापासून 'मामा, मामा' करत हा जिना चढला, तेव्हा सगळ्या गल्लीचेच मामा झाले. जोसेफसुद्धा त्यांना मामा म्हणतो, आणि तो मामांहून मोठा आहे!

हा मुकुंद ध्यानात ठेवा. त्याला आगगाडीचं इंजिन चालवायचं होतं. दुसरं काही नाहीच. माझ्या वर्गात असताना खिडकीतून पुलावरची गाडी दिसली की ह्याचं गणित तेथेच सुटायचं, म्हणजे हातातून. तरी पोरगा रेल्वेची परीक्षा पास झाला. आता फक्त मेडिकल, म्हणजे डॉक्टरी तपासणी, राहिली होती आणि अख्खी गल्ली तिची वाट पाहत होती.

आणखी एक आधीच सांगतो. मामांची मराठी तुम्हाला जुनाट वाटेल. राजांबरोबर इथे येऊन राहिलेल्या आम्हा मराठी लोकांची तशीच आहे. माझी मात्र पुण्याची पुस्तकं मागवून वाचल्यामुळे नासली, असं मामांचं ठाम मत आहे.

*

ज्यांना स्नूकर ठाऊक नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो. टेबलावर पंधरा लाल बॉल आणि सहा रंगीत. आधी लाल खिशात, म्हणजे टेबलाच्या कडेच्या भोकात, घालायचा, मग एक रंगीत, मग परत लाल. लाल गेला तो गेला. रंगीत मात्र परत आपल्या ठरलेल्या जागेवर येऊन बसतो. लालची पाळी असताना रंगीताला धडकलात की फाऊल. टेबलाची कड म्हणजे कुशन, एक डाव म्हणजे फ्रेम. झालं! बाकी सगळं नशीब आणि मामांचे नियम.

मामांचा सर्वांत मोठा नियम हा, की रंगीत बॉल आपल्या जागेवरून हलला की खुर्चीवर बसलेल्या खेळाडूनं तो कोठे गेला हे मोठ्यानं सांगायचं. "ब्राउन उजव्या कुशनला! दोन लालांच्या मागे!" असं. नाही सांगितलं तर मामा स्टिक खाली ठेवून उभे राहतात. जगात असा नियम कोठेही नाही. आमच्याकडे आहे.

एकदा त्रिचीचे एक वकील पाहुणे म्हणून खेळायला आले. ते म्हणाले, "हे काय चाललंय? स्नूकर खेळताय की स्टेशनवर अनाउन्समेंट करताय?"

मामा म्हणाले, "नियम आहे. भिंतीवर लिहिला आहे. वाचा."

भिंतीवर खरंच एक पाटी आहे. पण ती देवनागरीत! अख्ख्या क्लबात ती वाचता येणारे दोघंच, मामा आणि मी. वकिलांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मामा माझ्याकडे पाहत नव्हते, पण त्यांचा कान माझ्याकडेच होता.

पाटीवर एकच ओळ आहे. 'पान खाऊन टेबलास हात लावू नये.'

मी म्हणालो, "हो सार्, लिहिलंय की!"

वकील पुढची सगळी संध्याकाळ घसा फोडून अनाउन्समेंट करत बसले. आणि हरले! तेव्हापासून गल्लीत आमच्या क्लबला जंक्शन म्हणतात.

*

मामा खुर्चीवर बसले की टेबलावरून नजर काढत नाहीत. आपली पाळी नसली तरीही नाही. कोणी कॉफी दिली तर डबरा, म्हणजे इथला वाटीपेला, चाचपून घेतात. फोन वाजला तर जोसेफ उचलतो.

एका दुपारी डॉक्टर खेळत होते आणि देवळाकडचं एक माकड खिडकीतून आत आलं. चांगलं दांडगं होतं. आम्ही पटापट पाय खुर्चीवर घेतले. माकडानं चॉक उचलून चावून पाहिला, थुंकला, आणि मग सावकाश मामांच्या खुर्चीमागे जाऊन त्यांच्या खांद्यावरचं उपरणं ओढायला लागलं.

"मामा! मामा, मागे पाहा! अय्यो, मामा!" जोसेफ ओरडत होता.

डॉक्टरांच्या स्टिकचा नेमका त्याच वेळी धक्का बसला आणि बॉल इकडेतिकडे पांगले. माकड उपरणं घेऊन दाराकडे पळालं. मामांची मान तसूभर वळली नाही.

"ब्राउन मधल्या खिशापाशी," मामा म्हणाले. "माकड दारापाशी."

*

आता हा किस्सा मी फार लोकांना सांगितला आहे. मामांच्या दिलदारपणाचा म्हणून सांगत असे.

पोंगलच्या आधी मामा आणि डॉक्टर ह्यांची दरवर्षी एक मॅच होते. जिंकणाऱ्याला जोसेफ दुकानातलं मोठं पातेलं देतो आणि वर्षभर त्याचं नाव फळ्यावर राहतं. त्या वर्षी मामा एवढे पुढे होते की डॉक्टर नुसते रीत म्हणून खेळत होते. डॉक्टर टेबलाशी, मामा खुर्चीवर. आणि वीज गेली!

मिट्ट काळोख. जोसेफ टॉर्च शोधायला उठला आणि त्याच्या कमरेचा टेबलाला असा धक्का बसला की सगळे बॉल गडगडल्याचा आवाज आला. जोसेफ काही लहान माणूस नाही.

वीज आली. लाल, रंगीत, सगळ्यांचा काला झाला होता.

डॉक्टर हसत म्हणाले, "असू दे. आहे तेथून खेळू. तुम्हीच जिंकताय! बोला मामा, तुमचीच अनाउन्समेंट. ब्राउन कोठे गेला?"

मामा टेबलाकडे पाहत राहिले. आम्ही वाट पाहत होतो. पंखा पुन्हा फिरायला लागला होता, तरी मामांच्या कपाळावर घाम फुटला होता. जोसेफनं मला कोपरानं ढोसलं, कारण मामांना बरं वाटत नाहीये की काय, असं त्याला वाटलं.

"फ्रेम रद्द," मामा म्हणाले.

"अहो, पण तुम्ही जिंकताय!"

"रद्द म्हटलं न! बॉल माणसानं नाही, काळोखानं हलवला. असल्यात जिंकणं मज नको. पहिल्यापासून लावा."

पहिल्यापासून लावले आणि मामा हरले! पातेलं डॉक्टरांकडे गेलं. आम्ही मात्र गावभर सांगत सुटलो की, माणूस असावा तर असा! जोसेफनं तर हार आणला. मामांनी तो हार गळ्यात पडू दिला नाही.

"पोदुम्," म्हणाले. म्हणजे पुरे. "ह्याचा विषय पुन्हा काढायचा नाही."

आम्ही म्हटलं, काय हा विनय!

*

मामा गावाबाहेर खेळत नाहीत. कुंभकोणमवाले दरवर्षी बोलावतात, त्रिचीवाले गाडी पाठवतो म्हणतात. मामांचं एकच उत्तर असतं. "माझं टेबल येथे आहे. मी तेथे येऊन काय करू?" कुंभकोणमला ह्यावरून त्यांची पुष्कळ चेष्टा होते. म्हणून ह्या वर्षी आम्ही मुकुंदला पाठवायचं ठरवलं. मामांचाच चेला, मामांच्याच हाताखाली तयार झालेला. एकदा त्यांची तोंडं बंद करायची होती.

मी आणि डॉक्टर बरोबर गेलो. मुकुंद सुरुवातीला असा खेळला की कुंभकोणमवाल्यांनी शेंगदाणे खायचे थांबवले. मग ब्राउन आपल्या जागेवरून सुटला आणि लालांच्यात जाऊन बसला. आमच्याकडे असता तर कोणीतरी ओरडलं असतं. तेथे कोण ओरडणार?

मुकुंद लालसाठी वाकला. सुंदर मारला आणि सरळ ब्राउन घातला!

हॉलमध्ये हशा पिकला. "फाऊल!" मुकुंद खिशाकडे पाहत राहिला, मग हसला. म्हणाला, "सॉरी, घाई झाली." मला वाटलं, मेडिकल जवळ आली आहे, पोराचं लक्ष नाही.

थोड्या वेळानं त्यानं परत तेच केलं.

ह्या वेळी कोणी हसलं नाही. मी रागानं डॉक्टरांकडे वळलो. म्हणणार होतो, काय गाढवपणा आहे हा! पण डॉक्टर मुकुंदच्या स्टिककडे पाहत नव्हते, ते त्याच्या डोळ्यांकडे पाहत होते.

परतीच्या बसमध्ये मुकुंदला झोप लागली. डॉक्टर माझ्या कानाशी लागून म्हणाले, "वाद्यार, ह्या पोराला लाल आणि ब्राउन वेगळे दिसत नाहीत."

"काय बोलताय! दहा वर्षं खेळतोय तो!"

"दहा वर्षं आपण ओरडून सांगतोय."

इंजिनवर बसणाऱ्याची पहिली तपासणी डोळ्यांची असते आणि त्यात रंग आधी विचारतात, हे मलाही ठाऊक होतं.

*

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मुकुंदला दवाखान्यात बोलावलं. तेथे ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक असतं. रंगीत ठिपक्यांच्या गर्दीत आकडा दडलेला असतो आणि तो ओळखायचा असतो. मुकुंदनं पान उघडलं आणि विचारलं, "आकडा कोठे आहे?"

मला तर तो आकडा दारातून दिसत होता.

संध्याकाळी माडीवर मामांना सांगायचं काम डॉक्टरांनी केलं. मुकुंद खाली मान घालून बसला होता. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "ह्यात कोणाची चूक नाही, मामा. जन्मतःच असतं हे. बहुतेक आईकडून येतं."

मामा उठून उभे राहिले. मी त्यांना एवढं चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"आईकडून? म्हणजे माझ्या घरातून? आमच्या घराण्यात असलं काही नाही! माझ्या बहिणीस हे कोणी सांगायचं नाही, सांगून ठेवतो! डोळे चांगले आहेत त्याचे. मी खेळवलं आहे त्यास. तुमचं पुस्तक खोटं!"

"मामा, पुस्तक कसं खोटं असेल?"

"मग पाठ करील! पुस्तक आहे न? पुस्तक पाठ होतं!"

आता माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "मामा, तो काय श्लोक म्हणायला चाललाय? गाडीत माणसं बसतात! मी बसतो रोज!"

"मग बसू नका," मामा म्हणाले. "बसनं जा."

आमचं बोलणं तेथेच तुटलं. मी तडक जिना उतरलो आणि खाली स्टीलच्या डब्यांची एक अख्खी रास पाडली. जोसेफ मागोमाग येऊन ते गोळा करायला लागला.

*

मामा खरंच पाठ करून घ्यायला लागले हो! डॉक्टरांकडून पुस्तक मागून आणलं. डॉक्टरांनी का दिलं, देव जाणे. म्हणाले, मामांच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणवेना. रोज संध्याकाळी टेबलावर बॉलच्या जागी पुस्तक. खेळ बंद. मामा स्वतः पुस्तकात पाहत नव्हते, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या उत्तरांवरून विचारायचे आणि मुकुंद पानाकडे पाहून आकडे सांगायचा.

"रंगास जागा असते," मामा त्याला सांगत होते. "डोळा फसला तरी जागा फसत नाही. सिग्नलासही जागा असते. वर कोणता, खाली कोणता, ते ध्यानात ठेव. जागा धरून राहिलास की कोणास काही समजत नाही. जन्म निघतो!"

मी कोपऱ्यात वर्तमानपत्र धरून बसलो होतो. बोलणं तुटलं होतं तरी क्लब थोडाच सोडणार? हे ऐकून मला राग आला, पण मामांचा आवाज असा होता की मी वर्तमानपत्र आणखी वर धरलं.

आठवड्यानं मुकुंद पुस्तक कोठूनही उघडलं तरी बरोबर सांगायला लागला. मामांनी डॉक्टरांना ऐटीत बोलावलं. "या! तपासा!"

डॉक्टरांनी पानं मागेपुढे केली. मुकुंद धडाधड बरोबर! उलटी केली. तरी बरोबर! जोसेफनं टाळ्या वाजवल्या. मामांनी छाती पुढे काढली.

डॉक्टर पुस्तक दिव्याशी धरून पाहत राहिले. मग म्हणाले, "मुकुंद, खरं सांग. तू आकडे पाहत नाहीस न?"

मुकुंदनं मान हलवली. प्रत्येक पानावर काही ना काही होतं. एकावर कॉफीचा गोल डाग, एकाचा कोपरा दुमडलेला, एकावर शाई. तो डाग पाहून आकडा सांगत होता.

डॉक्टर म्हणाले, "तेथल्या पुस्तकावर माझी कॉफी सांडलेली नसणार रे, राजा."

हसू आलं सगळ्यांना. मग मामांकडे पाहिलं आणि एकेकाचं हसू जागच्या जागी राहिलं.

*

मेडिकलच्या आदल्या संध्याकाळी मी आणि मुकुंद पापनाशमहून एकाच गाडीनं परतत होतो. नोकरी लागेपर्यंत तो तेथे एका मोपेडच्या दुकानात बसत होता. पावसाळी हवा होती, भिजलेल्या शेतांवरून धुकं येत होतं. गाडी येऊन उभी होती आणि आम्ही पुढच्या टोकाला हवेशीर उभे होतो. फलाटाच्या पलीकडे सिग्नल होता. खांब दिसत नव्हता, वरखाली काही कळत नव्हतं. धुक्यात नुसता एक ठिपका होता.

"पिवळा पडला, सर! चला, चला, सुटेल!" मुकुंद म्हणाला आणि उडी मारून डब्यात चढला. हात पुढे करून मलाही ओढलं.

मी सिग्नलकडे पाहिलं. रेल्वेचा पिवळा म्हणजे जपून पुढे जा. पण ठिपका लाल होता.

मी जाऊन त्याच्यासमोर बसलो. गाडी सुटली नाही. मुकुंदनं खिडकीतून डोकं काढून पाहिलं आणि परत बसला. गाडी सुटली नाही. समोरून दुसरी गाडी आली आणि धाडधाड करत शेजारून निघून गेली. आमचा डबा हादरला. खिडकीतल्या बाईचं पोर रडायला लागलं.

मग कोठे आमची गाडी हलली.

मुकुंद आपल्या हातांकडे पाहत होता. म्हणाला, "सर, मी आत्ता गाडी सोडली असती."

मी त्याचा हात धरून तंजावर येईपर्यंत बसून राहिलो. चोवीस वर्षांच्या पोराचा हात धरून! माझ्या डोळ्यांत पाणी येत होतं आणि मी खिडकीबाहेर पाहत होतो.

*

मेडिकल त्रिचीला होती. त्या दिवशी दुपारपासून आम्ही माडीवर होतो. मामा सकाळपासून. कोणी खेळत नव्हतं. टेबलावर बॉल लावलेले, मामा खुर्चीवर, आणि नजर त्या न हललेल्या बॉलवर. मुकुंदची आई, इंदिराक्का, दोनदा खाली येऊन जोसेफला विचारून गेल्या. त्यांना कोणी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी पायसाची तयारी केली होती.

ऊन उतरलं तेव्हा जिन्यावर पाऊल वाजलं.

मुकुंद आला. कोपऱ्यातल्या बादलीत हात धुतले, पुसले, भिंतीवरची आपली स्टिक घेतली. विचारायचं कोणी?

"मामा, एक फ्रेम?" तो म्हणाला.

मामा म्हणाले, "खेळ."

मुकुंद स्टिकच्या टोकाला चॉक लावत राहिला. लावून झाला तरी लावत राहिला. मग म्हणाला, "पुस्तक उघडलं तेथे. आपलंच पुस्तक होतं, मामा, तसंच. पहिलं पान माझ्या ध्यानात होतं, डाग नव्हता तरीही. सांगू शकलो असतो."

"मग?"

"मग म्हटलं, नको. जे दिसतं तेच सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, येथे काही दिसत नाही."

जोसेफनं छातीवर क्रॉस केला. डॉक्टरांनी चष्मा काढला.

"आणि ते काय म्हणाले?" मामांनी विचारलं.

"काय म्हणणार? इल्ले म्हणाले. दुसरं कोणतं तरी काम देता आलं तर कळवतो म्हणाले. इंजिन नाही." एवढं बोलून तो वाकला आणि सगळ्या अंगाचा जोर लावून त्यानं लालांचा त्रिकोण फोडला.

असा आवाज त्या माडीवर कधी झाला नव्हता! बॉल कुशनांवर आपटून परत आले, एकमेकांवर आदळले, गोल गोल फिरले. एक लाल जाऊन खिशात पडला. ब्राउन आपल्या जागेवरून उडाला आणि लालांच्या गर्दीत मिसळला.

आणि मामा टेबलाकडे पाहत नव्हते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! माकड आलं तेव्हा न हललेली ती नजर मुकुंदच्या तोंडावर होती.

बॉल एकेक करून थांबले. आता रंगीताची पाळी होती. बाकीचे रंग लालांच्या आड गेले होते. कोपऱ्यातल्या खिशाच्या तोंडाशी मात्र दोन बॉल शेजारी शेजारी उभे होते. एक लाल, एक ब्राउन.

मुकुंदनं दोन्हींकडे पाहिलं. आणि जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या तोंडानं विचारलं.

"मामा, ब्राउन कोठे गेला?"

नियम मामांचाच. खुर्चीवरच्यानं सांगायचं.

जोसेफनं तोंड उघडलं. डॉक्टरांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

मामा उठले. टेबलापाशी आले. चष्मा काढून उपरण्यानं पुसला, परत लावला, वाकले. एका बॉलकडे पाहिलं. दुसऱ्याकडे पाहिलं. परत पहिल्याकडे पाहिलं. खाली दुकानात कोणीतरी डब्याची झाकणं लावून पाहत होतं, तो आवाज वरपर्यंत येत होता.

मामा सरळ उभे राहिले. मुकुंदच्या शेजारी गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग आमच्याकडे वळले.

"सांगा रे कोणीतरी," मामा म्हणाले. "आम्हा दोघांस."